इंजिन मागं गेलं, आणि बाकीचं सगळं लांब गेलं

कृती जुनीच आहे. फियाटनं १९७२ साली एक्स १/९ काढली, तेव्हा आपल्या १२८ या घरगुती गाडीचा पुढचा इंजिन-गिअरबॉक्सचा आडवा संच उचलून सीटांच्या मागं ठेवला. १९८४ साली टोयोटानं एमआर२ मध्ये हेच केलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीचा संच घ्यायचा, मागच्या एक्सेलच्या जरा पुढं बसवायचा, की मिड-इंजिन गाडी झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये आम्ही हेच केलं. मारुतीचं १.२ लिटरचं के१२एम इंजिन घेतलं. सिलिंडरचा व्यास ७३ मिमी, स्ट्रोक ७१.५, म्हणजे ११९७ सीसी, आणि ताकद ८५ अश्वशक्तीच्या आसपास.

संच मागं बसवायला आठ दिवस लागले. रेडिएटर, गिअरचा दांडा, क्लचचं पेडल आणि ब्रेक पुढंच राहिले होते. त्यांची गाठ इंजिनाशी घालून द्यायला दीड वर्ष गेलं. अशी गाडी करायला घेणारा बहुतेक जण इंजिनाचा विचार करून ठेवतो आणि पाइपांचा करत नाही. म्हणून हे लिहिलंय.

पहिल्या दिवसापासून वजनाची एक वही ठेवली. काट्यावर चढल्याशिवाय गाडीत काही जायचं नाही, नट-बोल्टचा डबासुद्धा. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, स्टार्टर, ऑल्टरनेटर मिळून १२४ किलो भरले. पूर्ण गाडी ६२० किलोत बसवायचं ठरवलं होतं. शेवटी ती ६६४ किलोवर थांबली. वरचे ४४ किलो कुठून आले हे वहीत ओळीनं दिसतं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त या लांब गेलेल्या गोष्टींचेच आहेत.

संच बसवताना एक मोह होतो. उलटा फिरवून बसवला तर एक्झॉस्ट मागं येईल, जागा चांगली मिळेल असं वाटतं. पण आडवा संच १८० अंशांत फिरवला की चाकं उलटी फिरतात, आणि हाताशी पाच रिव्हर्स गिअर आणि एक पुढचा उरतो. संच मूळ गाडीत जसा होता तसाच, तोंड पुढंच ठेवून, मागं सरकवायचा. मागच्या दोन चाकांमधलं अंतरही मूळ गाडीचंच ठेवायचं. म्हणजे एक्सेल कापावे लागत नाहीत. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन आतल्या जॉइंटची सरक मोजली, दोन्हीकडे ८ मिमी शिल्लक राहील असं इंजिनाचं माउंटिंग ठरवलं, आणि मगच ब्रॅकेटला वेल्डिंग मारलं. उभ्या गाडीत एक्सेलचा कोन ४ अंशांच्या आत आहे.

चॅसी नळ्यांची. १ इंची चौकोनी नळी, १६ गेज म्हणजे १.६ मिमी जाडीची, मीटरला १.२ किलो भरते. त्याच मापाची गोल नळी ०.९४ किलो. वजनाच्या हिशेबात गोल स्वस्त पडते, पण प्रत्येक जोडाला होल सॉ लावून माशाच्या तोंडासारखी खाच काढावी लागते, आणि पत्रा ठोकायला सपाट बाजू मिळत नाही. म्हणून खालची चौकट आणि बाजू चौकोनी केल्या, कर्ण गोल नळीचे. डोक्यामागची कमान ३८ मिमी व्यासाच्या, २.५ मिमी जाडीच्या ओढीव नळीची आहे. साधी वेल्डेड नळी वाकवताना शिवणीवर उकलू शकते. सगळी चौकट ब्रॅकेटसह ८१ किलो झाली. तुलनेसाठी, १९९६ च्या लोटस एलिसची ॲल्युमिनियमची डिंकानं चिकटवलेली चौकट फक्त ६८ किलोची होती. ते काम शेडमध्ये होण्यातलं नाही. जोडाच्या पृष्ठभागाची रासायनिक तयारी नीट झाली नाही तर डिंक धरत नाही, आणि धरला नाही हे बाहेरून दिसत नाही.

वेल्डिंग टिगनं केलं, ६५ ॲम्पियरच्या आसपास. पहिल्या चौकटीत चूक झाली ती क्रमात. वरच्या अंगाचे सगळे जोड आधी पूर्ण केले. आखडण सगळी वरच्या बाजूला आली आणि खालच्या लांब नळ्यांची टोकं ४ मिमी उचलली. दुसऱ्या वेळी अख्खी चौकट नुसत्या टॅकवर, म्हणजे ठिपक्यांएवढ्या वेल्डवर, उभी केली, टेबलाला क्लॅम्प केली, आणि एक जोड पुढं डावीकडं तर दुसरा मागं उजवीकडं असं करत गेलो. एका जोडाची एकच बाजू मारायची आणि सोडायची. वाक १ मिमीच्या आत आला.

मिड-इंजिन चौकटीची दुखरी जागा म्हणजे इंजिनाची खोली. वरून इंजिन काढता यायला ती उघडी ठेवावी लागते, आणि उघड्या चौकोनाला पीळ सहन होत नाही. हे मोजायला यंत्र लागत नाही. मागचे दोन शॉकअपचे माउंट टेबलाला जखडले, पुढं आडवा गर्डर बांधून तो मधोमध एका धारेवर टेकवला आणि मध्यापासून १ मीटरवर सिमेंटचं एक पोतं ठेवलं. ५० किलो म्हणजे ४९० न्यूटन-मीटर पीळ. मध्यापासून ५०० मिमीवर दोन्हीकडं डायल गेज लावले. वाचन १.९ मिमी आलं, म्हणजे अंशाला साधारण २२५० न्यूटन-मीटर. मग इंजिनावरून तिरका जाणारा, चार बोल्टांनी निघणारा एक्सच्या आकाराचा आधार लावला. वजन २.३ किलो. वाचन १.२ मिमीवर आलं, म्हणजे अंशाला साधारण ३५७०. एवढ्या कमी वजनात एवढा फरक गाडीत दुसरीकडं कुठं मिळाला नाही. बोल्टांची भोकं मात्र रीमरनं काढावी लागतात. ड्रिलनं काढलेल्या भोकात बोल्ट पाव मिमी हलला तरी तो एक्स नुसता शोभेचा.

पुढचं सस्पेन्शन डबल विशबोनचं, म्हणजे वरखाली दोन आर्मचं, त्यामुळं मूळ गाडीचे नकल, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणारे तुकडे, चालत नव्हते. ते ओतून घ्यायचे ठरलं. कोल्हापुरात ओतकामाला काय तोटा? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही जा. पण इथली बहुतेक फौंड्री ग्रे आणि एसजी आयर्नची, म्हणजे ओतीव लोखंडाची आहे, ॲल्युमिनियमवाले मोजके. एसजीमध्ये नमुना ओतला तो ४.९ किलोचा झाला. एलएम२५ ॲल्युमिनियममध्ये जाडी वाढवूनही २.१ किलो. चाकाबरोबर वरखाली होणारं वजन असल्यामुळं हा फरक सोडण्यासारखा नव्हता.

पॅटर्न करणाऱ्या कारागिरानं ड्रॉइंग बघून आधी मान हलवली. "मालक, हा बॉस एवढा जाड आन् ही रिब एवढी बारीक. गार होताना मधनं फाटणार बघा." आणि फाटलीच. बेअरिंगचा बॉस, म्हणजे त्याच्याभोवतीचा जाड भाग, १४ मिमी जाडीचा आणि त्याला चिकटलेली रिब ५ मिमीची होती. पातळ भाग आधी गोठला, जाड भागाला धातू मिळेना, आणि मुळाशी केसासारखी चीर. रिब ७ मिमी केली, मुळाशी ८ मिमीची गोलाई दिली आणि रायझर, म्हणजे गोठताना धातू पुरवणारा साठा, थेट बॉसच्या डोक्यावर आणला. आखडणीसाठी पॅटर्न मीटरला १३ मिमीनं मोठा, मशीनिंगसाठी ३ मिमी, उतार २ अंश. पुढच्या खेपेला चीर नव्हती, पण बोअर केल्यावर आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो आणि गोठताना बाहेर पडतो. पावसाळी हवा, ओली इन्गट आणि नीट न तापवलेली लाडल, तिन्ही त्याला कारण. नायट्रोजन सोडून गॅस काढला आणि धातू ७२० अंशांच्या वर जाऊ दिला नाही. छिद्रं गेली.

नंतर टी६ उष्णोपचार. ५३५ अंशांवर ८ तास, ७० अंशांच्या पाण्यात बुडवणं, मग १६५ अंशांवर १० तास. पाणी गार घेतलं तर तुकडा वाकतो. आमचा एक वाकला, किंगपिनची दोन भोकं एका रेषेत राहिली नाहीत. मशीनिंग उष्णोपचारानंतर करायचं, आधी नाही.

बेअरिंगचा बाहेरचा व्यास ७२ मिमी. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या दुप्पट फुगतं. ब्रेक तापून नकल ६० अंशांनी वर गेला की या व्यासावर ०.०५ मिमी पकड निघून जाते. लोखंडी नकलला चालणारी ०.०३ मिमीची पकड इथं ठेवली असती तर उतारावर बेअरिंग घरात फिरलं असतं. म्हणून ०.०७ ठेवली. एवढी पकड प्रेसनं बसवली तर बोअर खरवडून निघतो. त्यापेक्षा नकल ओव्हनमध्ये १४५ अंशांपर्यंत तापवायचा, बोअर ०.२ मिमीनं मोठा होतो, आणि बेअरिंग हातानं आत जातं. १५० च्या वर जायचं नाही, नाहीतर उष्णोपचारानं आलेली ताकद उतरायला लागते. ओव्हनवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नये, तुकड्याला स्वतंत्र थर्मोकपल लावावं.

आणखी एक गोष्ट सहज सुटते. पुढची चाकं आता इंजिनाला जोडलेली नाहीत, म्हणून एक्सेल काढून टाकला. पण या हबच्या बेअरिंगला धरून ठेवतो तो एक्सेलचा बाहेरचा जॉइंट आणि त्याचा नट. तो नसला तर बेअरिंगचे दोन अर्धे हळूहळू वेगळे होतात. जॉइंटची वाटी लेथवर कापून नुसता दांडा आणि खांदा ठेवायचा, हबमध्ये घालून नट मूळ टॉर्कला आवळायचा. एका बाजूला ७०० ग्रॅम वाढतात. ते वाढू द्यावेत.

मागं मात्र मूळ गाडीचेच नकल, स्ट्रट आणि खालचे आर्म आहेत. जिथं स्टिअरिंगचे टाय रॉड जोडलेले होते तिथं आता स्थिर ब्रॅकेट. ऐकायला सोपं आहे, आणि या प्रकारच्या गाड्या हातातून सुटतात त्या इथंच. मागचं चाक वरखाली होताना स्वतःहून वळायला लागलं तर गाडी वळणात चालकाला न विचारता मागून फिरते, आणि वजन मागं असल्यामुळं ती परत येत नाही.

मोजायची रीत अशी. स्प्रिंग काढून टाकायची. चाकाच्या जागी ४०० मिमीची सरळ प्लेट हबला बोल्ट करायची. पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक डायल गेज. जॅकनं हब १० मिमीच्या टप्प्यांनी ५० मिमी वर, ५० मिमी खाली न्यायचा आणि दोन्ही गेजमधला फरक लिहायचा. पहिल्या वेळी ५० मिमी वर गेल्यावर चाक ४.६ मिमी बाहेर वळलं. टो लिंकचं, म्हणजे टाय रॉडच्या जागच्या दांड्याचं, आतलं टोक खालच्या आर्मच्या पिव्हटपेक्षा खाली आलं होतं. ब्रॅकेट १४ मिमीनं वर घेतलं, लिंकची लांबी आर्मच्या लांबीशी जुळवली, फरक ०.४ मिमी राहिला. एवढ्यासाठी तीन ब्रॅकेट कापून फेकले. ब्रॅकेटला आधीपासून भोकांची उभी ओळ, ४ मिमीच्या अंतरानं, ठेवली असती तर एकातच काम झालं असतं.

तरीही पहिल्या चालीत ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग दचकायचा. कारण खालच्या आर्मचे रबरी बुश. पुढच्या चाकांसाठी केलेले हे बुश मुद्दाम मऊ असतात, खड्ड्याचा धक्का गिळायला. मागं आणल्यावर इंजिनाचा ओढा उलटला की आर्म ३ मिमी मागंपुढं सरकतो आणि चाकाची दिशा बदलते. ९० शोअरच्या पॉलियुरेथेनचे बुश टर्न करून घातले, आणि उभ्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला २ मिमी आतला टो, म्हणजे पुढची कड आत वळलेली, ठेवला. दचकणं गेलं. खड्डे मात्र आता पाठीला मोजता येतात.

स्प्रिंगांचा हिशेब वारंवारितेवरून केला. मागं एका चाकावर स्प्रिंगवरचं वजन १९० किलो. १.९ हर्ट्झ धरले तर चाकापाशी २७ न्यूटन प्रति मिमी, स्ट्रटमध्ये स्प्रिंग ३० ची. पुढं १२४ किलो, १.७ हर्ट्झ, चाकापाशी १४. पण शॉकअप विशबोनवर आत असल्यानं चाक १ मिमी उचललं की तो ०.६५ मिमीच दबतो. हा आकडा वर्गात येतो, म्हणून स्प्रिंग ३३ ची लागली. १० मिमी तार, ७५ मिमी सरासरी व्यास, ७ चालू वेटोळी. वर्ग न करता नुसतं ०.६५ नं भागणं ही नेहमीची चूक. तसं केलं तर स्प्रिंग २२ ची येते आणि गाडी पहिल्याच खड्ड्यात बंपावर बसते.

आता लांब गेलेल्या गोष्टींकडं.

रेडिएटर पुढं, इंजिन मागं. मध्ये ३२ मिमीचे दोन पाइप, मिळून ५.२ मीटर. स्टेनलेस घेतले असते तर ५.९ किलो, ॲल्युमिनियमचे २ किलो. पाइपांतच ३.४ लिटर कूलंट मावतो. टोकांना बीडिंग मशीननं उठाव काढलेला असलाच पाहिजे. गुळगुळीत टोकावरून तापलेला होज क्लिपसकट निसटतो. पहिल्यांदा कूलंट भरला तो ६.८ लिटरवर काठोकाठ दिसला. यंत्रणेची क्षमता ९.५ लिटर होती, म्हणजे २.७ लिटर हवा आत अडकलेली. इंजिन चालू केलं, मीटर ९० अंशांवर स्थिर, आणि हेडमधून उकळल्याचा आवाज. सेन्सर पाण्यात नव्हता, वाफेत होता, आणि वाफेत तो कमी दाखवतो. मीटर स्थिर आहे म्हणून कुणी हेड गॅस्केट जाळू नये.

पाइप जमिनीलगत जातात आणि दोन्ही टोकांना वर चढतात, म्हणून दोन्ही टोकांना हवा साठते. उपाय तीन केले. इंजिनाच्या खोलीतल्या सगळ्यांत उंच जागी टाकी बसवली आणि तिच्या बुडातून २५ मिमीचा होज पंपाच्या ओढीकडं नेला. रेडिएटरच्या माथ्यावरून आणि हेडच्या तोंडापासून ६ मिमीच्या बारीक नळ्या त्याच टाकीत सोडल्या, म्हणजे हवा आपोआप वर येते. भरताना गाडीचं पुढचं टोक ४०० मिमी उचलायचं आणि रेडिएटरचा ब्लीड स्क्रू उघडा ठेवायचा. पाणी डिस्टिल्ड, निम्मा ग्लायकॉल. कोल्हापुरात पाणी गोठत नाही हे खरं, पण ग्लायकॉलच्या डब्यात गंजरोधक असतं आणि उकळबिंदूही वर जातो. बोअरचं पाणी घातलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर वर्षात आतून पांढरा पडतो.

रेडिएटर तिरपा बसवला आणि तापलेली हवा बोनेटमधून वर काढली. तरी चढावर तापमान वाढायचं. रेडिएटर आणि डक्ट यांच्यामध्ये बोटभर फट होती. हवा आळशी असते, तिला फट मिळाली की जाळीतून जात नाही. फोमची पट्टी चिकटवली, ६ अंश उतरले. खर्च चहाइतका.

इंजिनाच्या खोलीची गरमी वेगळीच. तिथून हवा बाहेर जायला वाट नसेल तर बाजूचे स्कूप कितीही मोठे करा, हवा आत शिरत नाही. मागच्या पॅनेलला जाळी काढली आणि इंजिनाला श्वास थेट डाव्या स्कूपमधून दिला. आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६८ वरून ४६ अंशांवर आलं. पेट्रोलची टाकी सीट आणि इंजिन यांच्या मध्ये आहे, २८ लिटरची, आत आडव्या पडद्या. तिच्या आणि इंजिनाच्या मध्ये पत्र्याची भिंत आणि त्यावर उष्णतारोधक चादर, मिळून ७ किलो. या ७ किलोंवर वहीत कुणी काट मारायला गेलं नाही.

गिअरच्या केबली मूळ गाडीत गिअरबॉक्सला मागून, म्हणजे केबिनच्या बाजूनं यायच्या. आता केबिन पुढं आहे. केबली पुढून सरळ जोडल्या तर ढकल-ओढ उलटते, पहिला गिअर दुसऱ्याच्या जागी आणि दुसरा पहिल्याच्या. म्हणून केबल गिअरबॉक्सच्या बाजूनं मागं नेऊन २०० मिमीच्या गोलाईनं परत वळवली. पहिल्यांदा जागेअभावी १२० मिमीची गोलाई दिली होती. गार असताना ठीक, आणि अर्ध्या तासानं तिसरा गिअर सापडेना. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर उष्णतेनं मऊ होऊन तार वळणाच्या आतल्या भिंतीत रुतत होती. गोलाई वाढवली, एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याची ढाल दिली.

क्लच केबलचा होता. २.८ मीटरच्या केबलीत पेडल इतकं जड होतं आणि केबल ताणून इतकी चाल खाते की क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक केला. मास्टर १५.८७ मिमीचा, स्लेव्ह १९.०५ मिमीचा. मास्टर २८ मिमी दबला की स्लेव्ह १९.४ मिमी चालतो. मोठा स्लेव्ह घेतला तर पेडल हलकं होतं पण चाल अपुरी पडते, त्यामुळं आधी गिअरबॉक्सच्या लिव्हरला किती चाल हवी ते मोजावं. वायरिंगचं डोकं मात्र वेळेवर चाललं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिनाजवळच, पण भिंतीच्या गार बाजूला ठेवला आणि फक्त चावी, मीटर आणि पेडलच्या वायरी लांबवल्या. सेन्सरच्या वायरी लांबवायची वेळच आली नाही.

ब्रेकमध्ये मूळ गाडीचा मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उचलून आणायचा नाही. चालकासह आमची गाडी ७३६ किलो, पुढं २९६, मागं ४४०. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३०० मिमी, गुरुत्वमध्य ४५० मिमी उंचीवर धरला, तर १ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, ब्रेकला १४४ किलो पुढं सरकतात. पुढं ४४०, मागं २९६, आकडे अगदी उलटतात. म्हणजे मागच्या ब्रेकनं ४० टक्के काम करायचं आहे. पुढं इंजिन असलेल्या हॅचबॅकमध्ये ते यापेक्षा बरंच कमी असतं. दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी करणारा बॅलन्स बार घातला. पुढची चाकं आधी लॉक होतील इतपतच मागं द्यायचं. मागं पुढच्याच जातीचे कॅलिपर असल्यानं हँडब्रेकला जागा नव्हती. वेगळे छोटे मेकॅनिकल कॅलिपर लागले, ते २.६ किलो.

बॉडी फायबरची. कोल्हापुरात फायबरचे पुतळे करणारे हात आहेत, साच्याचं काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही. पण पुतळा चौकात वर्षानुवर्षं उभा राहायचा असतो, त्यामुळं रेझिन सढळ. पहिली बॉडी ५२ किलोची निघाली. ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोनच थर, मॅटच्या अडीचपट रेझिन आणि लोखंडी रोलरनं हवा दाबून काढणं, असं दुसऱ्यांदा केलं तेव्हा ३६ किलो. मे महिन्यात दुपारी दीड टक्का हार्डनरला रेझिन १२ मिनिटांत बसायला लागतं, तेव्हा पहाटे काम करावं आणि हार्डनर १ टक्क्यावर आणावा. जुलैत मॅट दमट होते आणि थरात पांढरे डाग राहतात. मॅटचा रोल आदल्या रात्री बल्बखाली ठेवावा. कोबाल्ट (रेझिन लवकर बसवणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचा, हार्डनर शेवटी.

चार चाकांवरचं वजन मोजायला गुळाच्या अडतीतले ३०० किलोचे चार प्लॅटफॉर्म काटे आणले. काट्यांचे माथे पाणनळीनं एका पातळीत आणायचे. एक काटा ३ मिमी वर राहिला तरी आकडे खोटे येतात. चालकाच्या सीटवर ७२ किलोंची पोती ठेवून पहिलं वाचन असं होतं : पुढं डावं १३४, उजवं १६२, मागं डावं २२६, उजवं २१४. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ३८८, म्हणजे ५२.७ टक्के. अशी गाडी एका बाजूला नीट वळते, दुसऱ्या बाजूला अडते. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या स्प्रिंगची बैठक वर फिरवली, उरलेल्या दोन खाली. प्रत्येक फेरीनंतर गाडी हातानं दोन मीटर पुढंमागं ढकलायची, नाहीतर टायर अडून बसतात. सहाव्या फेरीला १४४, १५२, २१६, २२४. तिरकी बेरीज ३६८, बरोबर निम्मी. एकूण पुढचं, मागचं, डावं, उजवं यांतलं काहीच बदललं नाही. ते बदलायचं तर सामानच हलवायला लागतं. बॅटरी त्यासाठीच डाव्या पायाच्या पुढं गेली आहे.

ही गाडी रस्त्यावर चालवत नाही. नवीन नमुना रस्त्यासाठी पास करायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणं पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचण्या द्याव्या लागतात, आणि एका गाडीसाठी ते परवडण्यातलं नाही. ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची, ट्रेलरवरूनच आणायची.

ट्रॅकवर ३०० किलोमीटर झाल्यावर सगळी उघडली. टो लिंकच्या एका ब्रॅकेटच्या मुळाशी ६ मिमीची चीर सापडली. ब्रॅकेट २ मिमीच्या पत्र्याचं, उघडं होतं. ३ मिमीचं केलं आणि बाजू बंद करून पेटीसारखं केलं. लांब उजव्या वळणात तेलाचा दिवा क्षणभर लागत होता. तेल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, एका बाजूला चढून ओढणीचं तोंड कोरडं पडत होतं. संपमध्ये चार झडपांचा पडदा बसवला, झडपा आत उघडतात, बाहेर नाही. पॉलियुरेथेनचे बुश करकरायला लागले होते, सिलिकॉन ग्रीस घातलं. डाव्या नकलच्या खालच्या भोकाला डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक चीर दाखवणारा रंग, लावून बघितलं, स्वच्छ निघालं. उजव्याला लावायचं राहिलंय, ते झाल्यावरच चाकं चढतील.